पुण्याहून घरी आले, पण घरात मला जागाच सापडेना

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारी मुलगी २२ वर्षांची आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. पुण्यात हॉस्टेलवर चार वर्षं राहून तिने ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शाखेत इंजिनिअरिंग केलं. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीत निवड झाली, ऑफर लेटर आलं, घरच्यांनी पेढे वाटले. पण जॉइनिंगची तारीख काही येईना. जूनमध्ये हॉस्टेल सोडावं लागलं आणि ती घरी परतली. आता दिवाळीही होऊन गेली. पप्पांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, आई घर बघते, धाकटा भाऊ बारावीला आहे. तिची जुनी खोली आता भावाच्या अभ्यासाची झाली आहे आणि ती आजीजवळ झोपते. बाहेर पडताना "कुठे, कोणाबरोबर, कधी येणार" ही चौकशी रोज होते, भावाची मात्र होत नाही. "तू मोकळीच आहेस" म्हणून घरातली सगळी कामं तिच्याकडे येतात. आत्याने एक स्थळ सुचवलं आणि आईने तिला न विचारता साडीतला फोटो पाठवून दिला. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, आमच्या फ्लॅटवर ये आणि इथून नोकरी शोध. पप्पा पैसे द्यायला नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरतो. वर चार लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. ती लिहिते, "परत गेले तर पप्पांवर ओझं, इथे राहिले तर मी संपून जाईन. ताई, शेवटी घरीच यायचं होतं तर एवढं शिकायला गेलेच कशाला?"

उत्तर:

आधी एक गोष्ट सरळ विचारते. "संपून जाईन" हे तू वैतागाच्या भरात लिहिलं असशील तर आपण पुढे बोलू. पण रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ नाही असं मनात येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती मोफत आहे, मराठीतून बोलता येतं आणि कधीही फोन लावता येतो. नोकरीचा प्रश्न त्यानंतरही सोडवता येईल.

आता "गेलेच कशाला" याबद्दल. या प्रश्नात तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस, की शिकलेल्या मुलीने घरी परत येणं म्हणजे हरणं. मला ते मान्य नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशातल्या मोठमोठ्या आयटी कंपन्यांमधली एकूण माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. त्या काळात निवड होऊनही महिनोन् महिने, काहींना तर दोन-दोन वर्षं, तारखेची वाट बघावी लागली. भारताच्या रोजगाराबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये एक अहवाल काढला. त्यात २०२२ सालातली पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. याचा अर्थ शिकणं वाया जातं असा कोणी काढू नये. ज्याच्या घरात आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला थांबता येत नाही, मिळेल ते काम तो उचलतो. तुला थांबता येतंय, कारण तुझ्यामागे एक घर आहे. तेच घर तुला नकोसं झालंय हे मला समजतं. पण तू तिथे हरून आलेली नाहीस, आणि हे तुझं तुला पटलं की आईच्या प्रश्नांचा सूरही थोडा वेगळा ऐकू येईल.

मग घरात इतकं घुसमटायला का होतं? मला वाटतं, तुम्ही सगळे अजून तू बारावीत असतानाच्या नियमांवर राहताय. तू १८ वर्षांची होतीस तेव्हा कुठे जायचं, कधी यायचं, घरात काय करायचं हे ठरलेलं होतं. पुण्यात तू स्वतःचे पैसे, वेळ, आजारपण, मेसवाल्याशी भांडण, सगळं निभावलंस. यातलं घरच्यांनी काहीच पाहिलं नाही. त्यांना रोज रात्री दहा मिनिटांचा फोन यायचा आणि त्यात तू "सगळं ठीक आहे" म्हणायचीस. म्हणजे घरी आलेली २२ वर्षांची मुलगी त्यांच्या ओळखीचीच नाही, ते अजून त्या १८ वर्षांच्या मुलीलाच सांभाळताहेत. आणि खरं सांग, घरात शिरल्यावर तूही थोडी तशीच झाली नाहीस का? उशिरा उठणं, ताट पुढ्यात येण्याची वाट बघणं, कोणी काही विचारलं की फणकारणं.

शिवाय ही चार वर्षं तेही तिथेच थांबून राहिले नव्हते. तू नसताना आईने दिवसाची स्वतःची घडी बसवली असेल, भिशी असेल, सकाळचं फिरणं असेल, दुपारचा तासभर डोळा लागत असेल. तुझ्या येण्याने तिचीही घडी विस्कटली आहे. याबद्दल तिला कधी विचारलंस का? भांडणाच्या वेळी नको, दुपारी निवांत असताना विचार. तुझ्या तक्रारी सांगायच्या आधी तिचा दिवस ऐकून घे. पुढचं सगळं बोलणं त्याने सोपं होईल.

चौकशीचं बघू. आईचा प्रश्न तुला अविश्वास वाटतो. काही वेळा तो अविश्वास असतोही. पण बऱ्याचदा त्यामागे एवढंच असतं की मुलगी दिवसभर समोर आहे, फोन किंवा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली आहे आणि तिचं नेमकं काय चाललंय ते काहीच कळत नाही. तिने विचारायच्या आत तू सांगायला लाग. "आज तीन ठिकाणी अर्ज टाकले, एका ठिकाणची ऑनलाइन टेस्ट गुरुवारी अकराला आहे, तेव्हा टीव्ही बंद ठेवू या." "संध्याकाळी अभ्यासिकेत जातेय, आठपर्यंत येते." हे परवानगी मागणं नाही, एका घरात राहणारी मोठी माणसं एकमेकांना एवढं सांगतातच. पंधरा दिवस करून बघ. माझा अनुभव असा, की आधीच सांगितलं की निम्मे प्रश्न आपोआप गळतात.

उरलेले निम्मे प्रश्न तू मुलगी आहेस म्हणून येतात, आणि तिथे मी तुला समजून घे असं सांगणार नाही. १७ वर्षांचा भाऊ रात्री साडेनऊला येतो आणि २२ वर्षांच्या बहिणीने सातच्या आत घरात असावं, हा अन्याय आहे. तो तसा म्हणून बोलला गेला पाहिजे. फक्त "त्याला का नाही विचारत" एवढंच म्हणून थांबलीस तर आईचं उत्तर ठरलेलं आहे, "तो मुलगा आहे." त्यापेक्षा ठाम आणि नेमकं काहीतरी माग. गावात नगरपालिकेची किंवा खासगी अभ्यासिका असेलच. तिथे रोज संध्याकाळी आठपर्यंत बसायचं, एवढं आधी पदरात पाडून घे. भावाशीही बोल. घरात रोज तुझी बाजू घेणारं माणूस तो होऊ शकतो, आणि स्वतःचं ताट धुवायला १७ वर्षं पुरेशी आहेत.

खोलीचं म्हणशील तर बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, नंतर सीईटी असते. म्हणजे मेपर्यंत ती खोली तुला पूर्ण मिळणार नाही आणि ती मागून भावाच्या वर्षावर ताण आणू नये असं मला वाटतं. पण तो कॉलेजला आणि क्लासला जातो तेव्हा खोली रिकामीच असते ना? ते तास ठरवून तुझे करून घे. टेबल, खुर्ची, बंद दार. त्या वेळेत तू घरी नाहीस असंच सगळ्यांनी समजायचं. सिलेंडरवाला आला तरी तुला हाक नाही, पाहुणे आले तरी चहा तुझ्याकडे नाही. नोकरी शोधणं हे काम आहे, हे तुझ्या घराला अजून दिसलेलं नाही, कारण ते तू पलंगावर बसून करतेस.

"मोकळीच आहेस" हा शब्द मुलींची किती वर्षं खातो, ते मी या सदरात येणाऱ्या पत्रांमधून सतत बघते. नोकरी नसलेला मुलगा घरात असला तर तो अभ्यास करत असतो, मुलगी असली तर ती हाताशी असते. यावर घरकाम अजिबात न करणं हा मार्ग नाही. तू त्या घरात जेवतेस, तुझा वाटा तू उचलायलाच हवास. पण दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी कामं करण्यापेक्षा एक जबाबदारी पूर्ण अंगावर घे. संध्याकाळचा स्वयंपाक घे, किंवा दुकानाची बिलं, जीएसटीचे हिशेब, कोटेशन कॉम्प्युटरवर टाकायचं काम घे. दुसरं घेतलंस तर पप्पांचा खरा भार हलका होईल आणि आपली मुलगी काय करू शकते हेही त्यांना दिसेल. मात्र त्याची वेळ बांधून घे, रोज एखादा तास. नाहीतर दुकान तुला हळूहळू आत ओढेल आणि वर्ष कधी गेलं ते कळणार नाही.

आता त्या ऑफर लेटरकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तारीख नसलेलं ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. तू आणि तुझं घर, दोघंही ती लागलीच आहे असं धरून बसलात, म्हणून हे महिने धड कामाचेही गेले नाहीत आणि धड शोधाचेही. कंपनीच्या एचआरला ईमेल लिही. निवड कधी झाली, आधी कोणती तारीख सांगितली होती हे लिहून आता अपेक्षित तारीख लेखी मागून घे. उत्तर आलं तर उत्तम. गोलमोल आलं किंवा आलंच नाही, तर ती नोकरी मनातून खाली उतरवून ठेव. उद्या तारीख आलीच तर जायचं की नाही ते तेव्हा ठरवशील. लेटरमधल्या अटी एकदा नीट वाचून घे आणि दुसरीकडे अर्ज सुरू कर.

आणि अर्ज फक्त आयटीतच का? तू ई अँड टीसी शिकलीस, पण पूर्ण पत्रात सर्किट, टेस्टिंग, ऑटोमेशन, कारखाना यातला एक शब्द नाही. रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि वाहन उद्योगाचे कारखाने आहेत, त्यांना तुझ्या शाखेची मुलं लागतात. तिथे सुरुवातीचा पगार कमी असेल, शिफ्ट असेल, एसी ऑफिस नसेल. तरी शिकायला मिळेल आणि बायोडाट्यातला रिकामा काळ थांबेल. पदवीधरांसाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना आहे, तिच्या पोर्टलवर नोंदणी मोफत होते. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान ९ हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधरांना महिना १० हजार रुपये ठरले. आधी सहा महिन्यांची असलेली ही मुदत नंतर वाढवण्यात आली. तिच्यातून कायमची नोकरी मिळत नाही आणि जागा नेहमी असतातच असं नाही, तरी जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारून ये. एक सावधगिरी मात्र सगळ्यांनीच बाळगावी. नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंगची फी किंवा लॅपटॉपचे पैसे आधी मागणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका, मग लेटरहेड कितीही खरं दिसो.

मैत्रिणींच्या फ्लॅटवर जावं का? पुण्यात भाड्यातला वाटा, मेस आणि प्रवास मिळून महिना दहा-बारा हजारांच्या आत क्वचितच भागतं. तिथे नेमकं काय करणार याचं उत्तर असेल, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखतींचे कॉल येत असतील, अप्रेंटिसशिप मिळाली असेल, एखादा ठरावीक मुदतीचा कोर्स करायचा असेल, तर जा आणि पप्पांकडून पैसे घ्यायला लाजू नकोस. पण नुसतं घरातून निसटायला जाणार असशील तर इथे पलंगावर जो दिवस जातो तोच तिथे जाईल, वर पैशांचा घोर लागेल. सध्यासाठी मला मधला रस्ता बरा वाटतो. मुलाखती एका आठवड्यात जुळवून घ्यायच्या, दोन-तीन दिवस मैत्रिणींकडे राहायचं, परत यायचं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा हे परवडेल. मैत्रिणींना भाजी-दुधाचे पैसे मात्र न विसरता देत जा. आणि येत्या फेब्रुवारीअखेर पुन्हा बस, तोवर काय काय केलं ते कागदावर मांड आणि पुण्याचा विचार नव्याने कर. तेव्हाही हेच घर असह्य वाटत असेल, तर मी तुला थांब म्हणणार नाही.

फोटोचं प्रकरण वेगळं आहे. आईच्या मनात काय असेल ते मला दिसतं. शेजारच्या काकूंपासून लग्नातल्या पाहुण्यांपर्यंत सगळे तिला विचारतात, "मुलीचं काय?" आणि तिच्याकडे सांगायला काही नाही. स्थळ बघतोय, हे लोकांना पटणारं उत्तर असतं. तरीही तुझा फोटो तुला न विचारता पाठवणं चूक आहे आणि हे तू तिला सांगायलाच हवंस. शांतपणे, ती एकटी असताना, आवाज न चढवता. "आई, मला आत्ता लग्नाचा विचार करायचा नाही. करायचा असेल तेव्हा मी स्वतः सांगेन. तोवर माझा फोटो, बायोडाटा माझ्या होकाराशिवाय कोणाकडेही जायला नको." सुटका व्हावी म्हणून "एका वर्षाने बघू" असं खोटं आश्वासन देऊ नकोस. वर्ष फार लवकर संपतं आणि तोच शब्द तुझ्यासमोर ठेवला जातो. आत्याला निरोप तू द्यायचा नाहीस. ती पप्पांची बहीण आहे, तिच्याशी पप्पांनीच बोलावं. त्यासाठी आधी त्यांना विश्वासात घे. दुकानात गिऱ्हाईक नसताना, दोघंच असाल तेव्हा बोल. बरेच बाप बायकोसमोर आणि बहिणीसमोर गप्प राहतात, पण मुलीने एकटीने येऊन सांगितलं तर तिच्या बाजूने उभे राहतात.

लोकांना द्यायचं उत्तरही घरात एकच ठरवा. "निवड झालीय, तारखेची वाट बघतोय, दुसरीकडेही अर्ज चालू आहेत." यात काही खोटं नाही. पेढे वाटून बसलेल्या आईवडिलांना हे वाक्य तुझ्यापेक्षा जास्त लागतं, तेव्हा ते त्यांना आयतं दे.

हे वाचणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगते. परत आलेल्या मुलामुलींना "आता पुढे काय?" हे रोज विचारू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी निवांत बसून सगळं विचारा, आणि बाकीचे सहा दिवस त्यांच्याशी दुसरं काहीतरी बोला.

राहिलं कर्ज. अशा कर्जाचे हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, म्हणजे तुझे येत्या जूनच्या आसपास. पण व्याज आत्ताही चढतंय. १० टक्के दर धरला तर चार लाखांवर वर्षाचं सरळव्याज ४० हजार, महिन्याला साधारण ३,३०० रुपये. ते भरलं नाही तर हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं आणि हप्ता वाढतो. तुझ्या बँकेचा दर आणि अटी थोड्या वेगळ्या असू शकतील, म्हणून शाखेत जाऊन विचार. पहिला हप्ता नेमका कोणत्या महिन्याचा, आजवरचं व्याज किती आणि आतापासून व्याज भरत गेले तर हप्ता कितीने उतरेल? अप्रेंटिसशिपच्या ९ हजारांतूनही हे व्याज निघू शकतं. बँकेत जाताना पप्पांना बरोबर घे. सहकर्जदार म्हणून त्यांचीही सही असणार, आणि पैशाबद्दल तुम्ही दोघांनी जे आजवर एकमेकांपासून झाकून ठेवलंय ते बोलायला त्या काउंटरसमोरची बाकं चांगली आहेत.